लस गावात पोचते कशी, आणि अडते कुठे

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून या मांडवात कापसाचे बोलणे झाले, ज्वारीचे झाले, विजेचे झाले. आता थोडा वेळ आम्ही एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय लसीचा आहे. २०२१ साली या देशात कोरोनाची लस वाटली गेली. ती कशी वाटली, कुठे बरोबर पोचली, कुठे अडली, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

काही जण म्हणतील, आजार गेला, माणसे गेली ती गेली, आता हे उकरून काय उपयोग? उपयोग आहे. १९१८ साली साथीचा ताप आला तेव्हा या देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. शंभर वर्षांनी कोरोना आला. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती येणारच नाही असेही कोणी सांगत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय जुनी आहे. लसीच्या बाबतीत ती सवय फार महाग पडते.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेले आहोत, डॉक्टर नाही. लसीत काय असते हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. पण नाशवंत माल हंगामाच्या आत, दूरच्या गावापर्यंत, न बिघडता कसा न्यायचा हा प्रश्न बियाण्याचा आहे तसाच लसीचाही आहे. तो आपल्याला कळतो. या विषयात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. लसीचे नियोजन कारखान्यापासून गावाकडे करत आले, तर गाव शेवटी उरते. ते गावापासून मागे मोजत कारखान्यापर्यंत न्यावे लागते. आपण मृग कधी लागतो ते पाहून मागे मोजतो, आणि मग बियाणे कधी आणायचे, पैसा कधी उभा करायचा ते ठरवतो. तसेच हे आहे.

एका बाटलीचा हिशेब

तर गावापासूनच सुरू करू. कोविशील्डच्या एका बाटलीत १० डोस असत. एक डोस अर्ध्या मिलिलिटरचा. बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची. तापली तर बाद, गोठली तरी बाद. आणि एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाही तर उरलेले डोस टाकून द्यायचे.

आता गावातल्या केंद्राचा विचार करा. दहा माणसे आली, एक बाटली संपली, कोणाचे काही बिघडले नाही. अकरावा माणूस आला की प्रश्न उभा राहतो. त्याच्यासाठी दुसरी बाटली फोडली आणि आणखी कोणी आले नाही, तर नऊ डोस वाया जातात. म्हणून नर्सबाई त्याला म्हणते, "दादा, उद्या या." तो अकरावा माणूस म्हणजे निंदणीची मजुरी बुडवून आलेली बाई असते, किंवा लेकाच्या मोटारसायकलवर मागे बसून आलेला म्हातारा असतो. तो उद्या येत नाही. यात नर्सबाईचा दोष नाही. तिला वाया गेलेल्या डोसचा जाब द्यायचा असतो. परत गेलेल्या माणसाचा जाब तिला कोणी विचारत नाही. कोणता हिशेब मागितला जातो, त्यावर काम कसे होते ते ठरते.

काम चांगले झाले तर काय होते तेही सांगतो. बाटलीत दहा डोसपेक्षा थोडे जास्त औषध भरलेले असते. हात बसलेली नर्स त्यातून अकरावा डोस काढू शकते. मे २०२१ मध्ये केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की राज्याला ७३,३८,८०६ डोस मिळाले आणि त्यातून ७४,२६,१६४ डोस दिले गेले. म्हणजे मिळाले त्यापेक्षा ८७ हजारांवर डोस जास्त. हे यंत्राने झाले नाही. शिकलेल्या, अनुभवी नर्सबाया गावोगाव नेमलेल्या होत्या आणि माणसे बाटलीच्या हिशेबाने बोलावलेली होती, म्हणून झाले.

आता गावाचा हिशेब करू. दीड हजार वस्तीचे गाव धरा. अठराच्या वरची माणसे हजार धरू. प्रत्येकाला दोन डोस, म्हणजे दोन हजार डोस, दोनशे बाटल्या. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे एका केंद्रावर एका दिवसात शंभर माणसे. म्हणजे या एका गावाला वीस दिवस लागतात. पथक आठवड्यातून एकदाच आले तर वीस आठवडे, जवळजवळ पाच महिने. मैदानी भागात तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा सरकारचा नियम आहे. म्हणजे अशी वीस गावे एका केंद्राखाली. वीस गावे गुणिले वीस दिवस, चारशे दिवस. एकच पथक असेल तर एक वर्ष पुरत नाही. शंभर दिवसांत काम उरकायचे तर चार पथके लागतात, आणि एका पथकात पाच माणसे धरलेली होती. बाळंतपणे, लहान मुलांच्या लसी, विंचूदंश, सर्पदंश हे त्याच केंद्रावर रोजचे चालूच असते.

हा हिशेब पाटीवर खडूने मांडता येतो. त्याला संगणक लागत नाही. पण तो आधी मांडावा लागतो. लस आल्यानंतर मांडून उपयोग नाही.

जुनी साखळी कामी आली

गावापासून एक पायरी मागे गेलो की प्राथमिक आरोग्य केंद्रातली लसीची शीतपेटी लागते. तिला तिथले लोक आय.एल.आर. म्हणतात. तिच्या भिंतीत बर्फाचे अस्तर असते. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ती थंडावा धरून ठेवते. आपल्याकडच्या भारनियमनाला तोंड देणारी सरकारी वस्तू कोणती असे कोणी विचारले तर ही दाखवावी. तिच्यामागे तालुका, मग जिल्ह्याचे भांडार, मग नागपूर, अकोला, लातूर असे विभागाचे भांडार, त्यामागे पुण्याचे राज्याचे भांडार. देशाच्या पातळीवर कर्नाल, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथे केंद्र सरकारची मोठी भांडारे.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारने जाहीर केले की देशात २९ हजार शीतसाखळी केंद्रे आणि ४५ हजार आय.एल.आर. या कामासाठी वापरात येतील. यातले बहुतेक कोरोनासाठी उभे केलेले नव्हते. १९८५ पासून लहान मुलांच्या लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम चालू आहे. १९९५ पासून पोलिओचे दोन थेंब घरोघर गेले. त्यासाठी पेट्या आल्या, नर्सबाया शिकल्या, खेडोपाडी वाटा माहीत झाल्या. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पोलिओ गेला, पण त्याच्यासाठी बांधलेली वाट राहिली. कोविशील्ड पुण्याच्या सिरममध्ये तयार झाली आणि कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकमध्ये. दोन्ही लसी २ ते ८ अंशांत टिकणाऱ्या होत्या, म्हणून त्या जुन्या वाटेने जाऊ शकल्या. परदेशातल्या फायझर लसीला सुरुवातीला उणे ७० अंश लागत होते. ती आपल्या तालुक्यात आली असती तर ठेवायला जागा नव्हती.

म्हणून १२ जानेवारी २०२१ ला पुण्याहून पहिली खोकी विमानाने निघाली आणि चार दिवसांनी, १६ जानेवारीला, देशभर लसीकरण सुरू झाले. एवढे पटकन जमले याचे श्रेय पंचवीस-तीस वर्षे पाठीवर पेट्या वाहणाऱ्या नर्सबायांना द्यावे लागेल. आम्ही सरकारवर टीका करतो, पण जे बरोबर झाले ते बरोबर झाले म्हणायला कचरत नाही.

मागणी उशिरा गेली

मग अडले कुठे? आणखी एक पायरी मागे जाऊ, कारखान्यापर्यंत.

देशातली अठराच्या वरची माणसे सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे ९४ कोटी. दोन डोसप्रमाणे १८८ कोटी डोस. २०२१ च्या सुरुवातीला सिरमचे उत्पादन महिन्याला सहा-सात कोटी डोसच्या आसपास होते आणि भारत बायोटेकचे त्याहून बरेच कमी. दोन्ही मिळून साडेसात कोटी धरले तर १८८ कोटी डोस व्हायला पंचवीस महिने लागतात. हा भागाकार चौथीतला मुलगा करील. तो २०२० च्या उन्हाळ्यात केला असता, तर काय करायचे हे समजले असते. कारखाने वाढवायचे, त्यासाठी पैसा आधी द्यायचा, आणि लस लागू पडो न पडो, मागणी नोंदवून ठेवायची.

काही देशांनी तेच केले. अमेरिकेने मे २०२० मध्येच ऑक्सफर्डच्या लसीच्या ३० कोटी डोसचा करार केला. इंग्लंडने त्याच महिन्यात १० कोटींचा केला. लस तेव्हा तयार झालेली नव्हती. ती निकामी ठरली असती तर पैसा बुडाला असता. त्यांनी ती जोखीम घेतली. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये सिरमच्या प्रमुखांनी जाहीर विचारले होते की पुढच्या वर्षभरात लस विकत घेऊन वाटायला ८० हजार कोटी रुपये सरकारकडे आहेत का? सरकारची पहिली मागणी गेली ११ जानेवारी २०२१ ला, म्हणजे लसीकरणाच्या पाच दिवस आधी. तीही कोविशील्डच्या १ कोटी १० लाख डोसची आणि कोव्हॅक्सिनच्या ५५ लाख डोसची. सिरमने आपल्या जोखमीवर माल आधी करून ठेवला होता, म्हणून तेवढी तरी लस मिळाली. उत्पादन वाढवण्यासाठी सिरमला तीन हजार कोटी आणि भारत बायोटेकला सुमारे दीड हजार कोटी आगाऊ देण्याचा निर्णय एप्रिल २०२१ मध्ये झाला. तेव्हा दुसरी लाट गावात शिरलेली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले जात होते.

पेरणीच्या दिवशी बियाण्याच्या दुकानात गेलेल्या शेतकऱ्याला दुकानदार काय सांगतो हे तुम्हाला माहीत आहे. तो सांगतो, तुमचे वाण संपले.

या उशिराची झळ फक्त आपल्याला लागली नाही. २० जानेवारीपासून भारताने दुसऱ्या देशांना सहा कोटींहून अधिक डोस पाठवले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आफ्रिकेतला शेतमजूरही माणूसच आहे. पण दुसरी लाट आल्यावर एप्रिलपासून निर्यात थांबली, आणि पुण्याच्या लसीवर विसंबलेले गरीब देश कित्येक महिने वाट पाहत राहिले. वेळेवर मागणी नोंदवून कारखाना वाढवला असता, तर आपला आणि त्यांचा घास एकाच ताटातून ओढण्याची वेळ आली नसती.

एक माल, तीन भाव

आता भावाची गोष्ट. १ मे २०२१ पासून केंद्र सरकारने नवे धोरण आणले. उत्पादनाचा अर्धा भाग केंद्र घेणार, उरलेल्या अर्ध्यात राज्ये आणि खाजगी दवाखाने. कोविशील्डचा भाव केंद्राला १५० रुपये, राज्यांना ३०० आणि खाजगी दवाखान्यांना ६००. राज्यांना आधी ४०० सांगितले होते, ओरड झाल्यावर ३०० केले. कोव्हॅक्सिन राज्यांना ४०० आणि खाजगी दवाखान्यांना १२०० रुपये. बाटली तीच, कारखाना तोच, भाव तीन.

इथे आम्हाला एक अवघड प्रश्न विचारला जातो. आपण शेतीमालाचा बाजार खुला करा म्हणणारे लोक. मग लसीचा बाजार खुला केला तर आपले पोट का दुखते? प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर असे की तो खुला बाजार नव्हताच. विकणारे दोन आणि घेणारी अठ्ठावीस राज्ये एकमेकांवर बोली लावणारी. महाराष्ट्राने १२ कोटी डोससाठी एकरकमी धनादेश द्यायची तयारी जाहीर केली होती. पैसा होता, माल नव्हता. मे महिन्यात महाराष्ट्राला ४५ च्या वरच्या लोकांच्या दुसऱ्या डोससाठी तरुणांचे लसीकरण थांबवावे लागले. काही राज्यांनी परदेशातून लस मागवायला निविदा काढल्या, तर फायझर आणि मॉडर्ना या कंपन्यांनी पंजाब आणि दिल्लीला कळवले की आम्ही फक्त केंद्र सरकारशीच व्यवहार करू.

दुसरे उत्तर आपल्या शिवारातलेच आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याची पऱ्हाटी खाल्ली, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा काय शिकलो? एकाने फरदड ठेवली तर अळी त्याच्या वावरात जगते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या बोंडात जाते. एकट्याने औषध मारून भागत नाही, सगळ्या शिवाराने मिळून पऱ्हाटी उपटावी लागते. साथीचे तसेच असते. कोरोनाच्या लसीने लागण पूर्ण थांबली नाही हे खरे आहे. लस घेतलेल्यांनाही आजार झाला. पण आजार भारी होऊन खाटेची, प्राणवायूची गरज लागण्याचे आणि मरणाचे प्रमाण तिने पुष्कळ कमी केले. एका घराने लस घेतली नाही आणि त्यातला माणूस अत्यवस्थ झाला, की जिल्ह्याच्या दवाखान्यातली एक खाट गेली, आणि ती शेजाऱ्याच्या बाळंतिणीला मिळाली नाही. कापूस विकणे हा माझा आणि घेणाऱ्याचा सौदा आहे. साथीतली लस हा सगळ्या गावाचा सौदा आहे. असल्या मालाची खरेदी एकाने करावी, पैसा सगळ्यांच्या करातून यावा, आणि घेणाऱ्याला ती फुकट मिळावी.

३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयाच्या लोकांबाबतचे हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचे म्हटले. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचे जाहीर केले, आणि २१ जूनपासून केंद्राने तीन चतुर्थांश लस स्वतः घेऊन राज्यांना फुकट दिली. त्याच एका दिवसात देशात ८० लाखांहून जास्त डोस दिले गेले.

मोबाईलची रांग

पण आपल्याला खरा चटका बसला तो भावाने नाही, रांगेने. डिसेंबर २०२० च्या सरकारी सूचनेत लिहिले होते की पन्नाशीच्या वरची माणसे ओळखायला मतदार यादी वापरावी. कल्पना चांगली होती. मतदार यादी गावाची असते, वयाची असते, आणि मतदानाच्या दिवशी ती प्रत्येक वस्तीपर्यंत पोचते. पण प्रत्यक्षात भर पडला नोंदणीवर. कोविन नावाच्या संगणकी व्यवस्थेत मोबाईलवरून नाव घालायचे, दिवस आणि वेळ पकडायची. ४५ च्या वरच्यांना थेट केंद्रावर जाता येत होते, पण १ मेपासून १८ ते ४४ वयाच्यांना मोबाईलवर वेळ मिळवल्याशिवाय लस नव्हती.

त्या मे महिन्यात आम्ही चार-पाच कार्यकर्ते एका गावात रात्री ओट्यावर मोबाईल घेऊन बसत होतो. गावातल्या तरुण मजुरांची नावे आमच्या वहीत होती. एका मोबाईलवर चार नावे घालता येत. टॉवर कधी असे, कधी नसे. वेळा केव्हा खुल्या होतील ते कोणी सांगत नव्हते. खुल्या झाल्या की आमचा आकडा टाकून होईपर्यंत संपत. एक दिवस सकाळी केंद्रावर गेलो तर फाटकाबाहेर शहरातून आलेल्या मोटारी उभ्या. आतली माणसे पन्नास-साठ किलोमीटरवरून आलेली. आमच्या वहीतली माणसे बाहेर लिंबाखाली उभी. त्या गावच्या केंद्रावर, त्या गावासाठी आलेली लस, आणि गावाचा माणूस यादीत नाही. आलेल्या लोकांवर आमचा राग नव्हता, त्यांनाही जीव प्यारा होता. नर्सबाई म्हणाली, "यादी वरून येते, मी काय करू?" तिचेही खरे होते.

चूक त्या यंत्राची नव्हती. कोविनने प्रमाणपत्र दिले, दुसऱ्या डोसची तारीख सांगितली, कुठे किती साठा आहे ते वर कळवले. ही कामे त्याने चांगली केली. चूक ही की हिशेब ठेवायच्या वहीलाच दरवाजा करून टाकले. वही दरवाज्यात उभी केली की ज्याला वाचता येते तोच आत जातो. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर तरुणांनाही जागेवर नोंदणीची मुभा मिळाली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, लम्पी आला. जनावरांचे बाजार बंद झाले. तेव्हा जनावरांचे डॉक्टर गोठ्यात आले, दावणीला उभ्या बैलाला आणि गाईला शेळीच्या देवीची लस टोचली, नोंद केली आणि पुढच्या घरी गेले. बैलाला मोबाईल लागला नाही. बैलासाठी जे सुचते ते माणसासाठी सुचायला हरकत नसावी.

भीती आणि जबरदस्ती

जून-जुलैपासून माल वाढला. १७ सप्टेंबर २०२१ ला एका दिवसात सुमारे अडीच कोटी डोस दिले गेले आणि २१ ऑक्टोबरला देशाने शंभर कोटी डोसचा आकडा गाठला. जानेवारीपासून नऊ महिन्यांत हे झाले, हे लहान काम नाही. पण आता अडचण दुसरी होती. लस होती, माणूस येत नव्हता.

का येत नव्हता? एक कारण कॅलेंडरात आहे. मेमध्ये कोविशील्डच्या दोन डोसमधले अंतर १२ ते १६ आठवडे झाले. जुलैत पेरणी उरकून पहिला डोस घेतलेल्याचा दुसरा डोस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी तेव्हाच. वेचणीची बाई किलोवर मजुरी घेते. डोसनंतर एक-दोन दिवस ताप येतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. तिला अडाणी म्हणणाऱ्याने ते दोन दिवस भरून द्यावेत. नोव्हेंबरपासून 'हर घर दस्तक' म्हणून पथके दारोदार निघाली. ज्या गावांत ती संध्याकाळी किंवा वेचणीच्या वावरात गेली तिथे काम झाले. भर दुपारी बंद कुलपांना दस्तक देऊन काय होणार?

दुसरे कारण भीती. मेळघाटात सांगण्याचे काम कोरकू भाषेत करावे लागले, कारण मराठी फलक तिथल्या माणसाचा फलक नाही. भीती घालवायची तर माणसाला त्याच्या भाषेत आणि खरे सांगावे लागते. कोविशील्डने अगदी क्वचित रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास होतो, हे २०२१ मध्येच परदेशात समजले होते. २०२४ मध्ये मूळ कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयात ते मान्य केल्याची बातमी आली आणि गावोगाव लोक पुन्हा घाबरले. हे आधीच साध्या भाषेत सांगितले असते की असा धोका आहे, तो फार दुर्मिळ आहे, आजाराचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि ही लक्षणे दिसली तर लगेच दवाखान्यात या, तर लोकांनी ते समजून घेतले असते. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण शेतकऱ्याला समजतो. लपवलेली गोष्ट उघडी पडली की मात्र पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

तिसरा उपाय काही अधिकाऱ्यांनी शोधला, तो जबरदस्तीचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला की निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, पेट्रोल, गॅस देऊ नये. आम्ही लसीच्या बाजूचे आहोत, पण रेशन अडवण्याच्या बाजूचे नाही. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणाच्याही शरीरावर लसीची सक्ती करता येत नाही. ज्या घरात दाणा नाही त्याच घराला रेशनची धमकी लागते. मोटारीतून आलेल्याला ती लागत नाही.

आपण काय करायचे

भावांनो, सरकारला शिव्या देऊन ही बैठक संपवता येईल, पण त्याने पुढच्या साथीत एकही डोस गावात येणार नाही. गावापासून मागे मोजायचे म्हटले, तर पहिले मोजमाप गावानेच करायला हवे. म्हणून आमच्या सूचना या.

प्रत्येक गावाने घरवार यादी तयार करावी. नाव, वय, मोठा आजार, अपंगत्व, गरोदर बाई, आणि बाहेरगावी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली माणसे. मतदार यादीत नसलेली माणसेही त्यात हवीत. पालावरची, गावकुसाबाहेरची, दुसऱ्या राज्यातून आलेली. आशाताईकडे यातले बरेच आधीच लिहिलेले असते. तिच्याकडून फुकट काम करून घेऊ नका, तिच्या मानधनासाठी तिच्याबरोबर उभे राहा.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बघा. आय.एल.आर. चालू आहे का? तापमानाची नोंद रोज दोनदा होते का? नर्सबाईंच्या किती जागा रिकाम्या आहेत? साथ आल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नाही. आज तिथे जी पेटी बंद आहे, तिच्यातून आज तुमच्याच नातवंडांच्या गोवराच्या लसी जातात.

जिल्हा प्रशासनाकडे ठराव करून मागायचे ते एवढेच. साथीच्या काळात केंद्रावर आलेल्या साठ्याचा आकडा रोज फळ्यावर लिहिला जावा. गावाच्या केंद्रातला ठरावीक हिस्सा गावाच्या यादीसाठी राखून ठेवावा. नोंदणी जागेवर व्हावी, मोबाईल असो वा नसो. पथकाचे दिवस पेरणी, वेचणी आणि आठवडी बाजार पाहून ठरावेत. वाया गेलेल्या डोसबरोबर परत गेलेल्या माणसांचाही आकडा लिहिला जावा. आणि सरकारने मागणी कधी नोंदवली, पैसा कधी दिला, हे लोकांना त्याच वेळी कळावे, दोन वर्षांनी नाही.

यात खर्चाचे फारसे काही नाही. वही, खडू, फळा आणि थोडी माणसे लागतात. आज घरी गेल्यावर गावातल्या दोघांची नावे या कामासाठी ठरवा, त्यात एक बाई असावी. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गावाची यादी आणि आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागांचा आकडा बरोबर आणा. सगळ्या गावांचे आकडे एकत्र मांडून ते जिल्हाधिकारी कार्यालयात घेऊन जाऊ.